कऱ्हाड ते कवलापूर, हवाई मार्गे

चौथीच्या प्रदर्शनासाठी मॅडमनी चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा वर्गात बेचाळीस मुली होत्या, म्हणजे बेचाळीस चिठ्ठ्या होत्या. विषय सगळ्यांना एकच, 'दोन विमानतळांमधील अंतर व उड्डाणास लागणारा वेळ'. मॅडमनी कुठल्याशा साईटवरून विमानतळांची यादी उतरवून घेतली होती. आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या संयोगिताच्या मुलीला पुणे ते दिल्ली आलं. एकीला मुंबई ते नागपूर. एकीला शिर्डी ते नांदेड, म्हणजे अभ्यासाबरोबर दोन्हीकडची दर्शनंही झाली.

आमच्या सृष्टीला आलं कऱ्हाड ते कवलापूर.

कऱ्हाड आमच्या सातारा जिल्ह्यात. तिथे धावपट्टी आहे, अधूनमधून एखादं लहानसं विमान उठताना दिसतं. कवलापूर सांगलीजवळ. तिथे धावपट्टी होती म्हणतात. मला आठवतं तसा तिथे माळ आहे आणि त्या माळावर लोक गाडी शिकतात. मी स्वतः स्कूटर तिथेच शिकले, कारण माझं माहेर शेजारच्या बुधगावचं. तेव्हा एका टोकाला सासरचा जिल्हा, दुसऱ्या टोकाला माहेरचा माळ, आणि मधल्या हवेत एकही विमान नाही, असा तो प्रकल्प होता.

"बदलून घ्यायचं होतंस गं," संयोगिता जिन्यात म्हणाली. "कवलापूरला कुठलं आलंय विमानतळ?"

"धावपट्टी आहे," मी म्हणाले.

"अगं, पट्टी काय, आपल्या सोसायटीतपण आहे."

हे मला लागलं. आपण स्वतः माहेराबद्दल काहीही बोलू शकतो, पण दिल्ली आलेल्या बाईने बोलायचं कारण नव्हतं.

आता गेल्या वर्षीचं सांगावंच लागेल, नाहीतर मी पुढे अशी का वागले ते कळायचं नाही. लोक म्हणतात मी काळजी फार करते. मी काळजी करत नाही, मी लक्ष ठेवते. मी रसायनशास्त्राची पदवीधर आहे आणि गेल्या वर्षी सृष्टीचा 'जलचक्र' हा प्रकल्प मी इतकं लक्ष ठेवून केला की त्यातला ढग खरोखर गळत होता. परीक्षक म्हणून आलेल्या बाईंनी सृष्टीला विचारलं, "बाळ, हे पाणी कुठून येतं?" सृष्टी म्हणाली, "मला माहीत नाही. आईने मला हात लावू दिला नाही."

बाई हसल्या. मागे उभे असलेले पालक हसले. मुली हसल्या. हे सगळं पालकांच्या ग्रुपवर मी घरी पोचायच्या आत पोचलं होतं. माझं काय, मी आठ दिवस जिन्याऐवजी लिफ्टने गेले, संपलं. पण सृष्टी त्या दिवसापासून वर्गात गप्प झाली. घरी तोंड बंद नाही, आणि शाळेत हात वर नाही. दिवाळीआधीच्या प्रगतिपुस्तकात शेऱ्याच्या रकान्यात मॅडमनी लिहिलं, 'अभ्यासात बरी. वर्गात बोलत नाही. पालकांनी लक्ष घालावे.' मी ते वाचलं आणि मला प्रथमच वाटलं की मी घातलेलं लक्षच तिच्या घशात अडकलंय.

म्हणून या वर्षी मी जाहीर केलं की प्रकल्पाला मी हात लावणार नाही. परीक्षक त्याच बाई येणार होत्या. सृष्टीने त्यांच्यासमोर उभं राहून स्वतःच्या तोंडाने उत्तर द्यायचं, बाकी मला काही नको. बक्षीससुद्धा नको. दिलं तर घेऊ.

सासऱ्यांनी ही घोषणा ऐकली आणि भिंतीवरचा नकाशा उतरवला. आमचे मामा, म्हणजे माझे सासरे लालासाहेब, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेत. साताऱ्यात तशी माणसं पुष्कळ आहेत, पण घरात नकाशा लावून त्यावर रोज सकाळी नजर फिरवणारे थोडे. त्यांनी तो जेवणाच्या टेबलावर पसरला, चारी कोपऱ्यांना चटणीच्या बरण्या ठेवल्या, आणि दोरा, पट्टी, कंपास घेऊन बसले. दुपारचं जेवण आम्ही त्या दिवशी हातात ताट घेऊन केलं.

"बासष्ट किलोमीटर," शेवटी मामा म्हणाले. "सरळ रेषेत. बेअरिंग आग्नेय. लिही सृष्टी."

सृष्टीने लिहिलं.

"रस्त्याने सत्त्याऐंशी," फोनमध्ये बघून ऋषिराज म्हणाले. ऋषिराज माझे पती, एमआयडीसीत सुपरवायझर आहेत आणि कुठलंही काम फोनमध्ये बघून झालं की झालं असं मानतात. "आणि उड्डाणाचा वेळ पाच मिनिटं. झाला प्रकल्प."

मी दुसरी साईट उघडली. तिच्यावर पस्तीस मिनिटं होती. पाच आणि पस्तीसमध्ये एवढा फरक का, म्हणून मी तासभर शोधलं तेव्हा कळलं की दुसऱ्या साईटने उडायला नि उतरायला म्हणून अर्धा तास सगळीकडेच सरसकट धरला होता, पुणे-दिल्लीलाही तेवढाच आणि कऱ्हाड-कवलापूरलाही तेवढाच.

"पाच मिनिटांत तर विमान चाकंबी आत घेत न्हाई," मामा म्हणाले. "उठलं न्हाई तवर उतरायचं. त्यापरीस वरनंच उडी मारावी मानसानं."

"पण आजोबा," सृष्टी म्हणाली, "तिथून तिथे विमान जातच नाही ना? मग वेळ कसला?"

"गेलं तर," ऋषिराज म्हणाले. "पण गेलंय का कधी?" सृष्टी म्हणाली. त्यावर मी तिला दूध प्यायला पाठवलं. आई म्हणून माझ्याकडे उत्तर नसलं की मी दूध देते.

मामांचं म्हणणं पडलं की लेखी पुरावा पाहिजे. म्हणून सोमवारी मी सृष्टीला घेऊन एका सरकारी कार्यालयात गेले. कार्यालयाचं नाव लिहीत नाही, कारण त्यांनी आम्हाला चहा पाजला. पहिल्या टेबलावरून दुसऱ्या, दुसऱ्यावरून खिडकी क्रमांक चार, तिथून पुन्हा पहिल्या टेबलावर, कारण मधल्या वेळात त्या टेबलावरचा माणूस बदलला होता.

"हवाई अंतर?" नवे गृहस्थ म्हणाले. "कशाला पाहिजे?"

"मुलीच्या प्रकल्पाला."

"अर्ज मुलीचा का पालकाचा?"

"मुलगी चौथीत आहे."

"मग पालकाचा. शाळेचा दाखला जोडा."

मी घरी जाऊन दाखला आणला, जोडला. त्यांनी तो अर्ज शांतपणे दोनदा वाचला. "मॅडम, खरं सांगू का? हवाई अंतर आमच्याकडे नसतं. आमच्याकडे प्रवासभत्त्याचं अंतर असतं. पण ते पोरीच्या प्रकल्पात घालू नका, ते नेहमीच जरा लांब असतं." इतका सरळ माणूस मला त्या आठवड्यात दुसरा भेटला नाही. अर्ज मात्र त्यांनी घेतला आणि त्यावर आवक क्रमांक टाकून दिला.

"आई, मिळालं अंतर?" बाहेर आल्यावर सृष्टीने विचारलं.

"नाही. नंबर मिळाला."

तेव्हा ठरलं की रविवारी गाडी काढायची, कऱ्हाडच्या धावपट्टीपासून निघायचं, कवलापूरच्या माळावर पोचायचं, आणि सृष्टीने स्वतः वेळ मोजायचा. विमान नाही तर नाही, मुलीने काहीतरी स्वतः मोजलेलं असेल. मामांनी आपलं जुनं चावीचं घड्याळ तिच्या मनगटावर बांधलं. ते कोपरापर्यंत सरकत होतं, पण तिने ते काढलं नाही.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. शनिवारी दुपारी सगळे झोपले असताना मी थर्माकोल आणला होता. हात लावणार नाही असं मी म्हटलं होतं खरं, पण थर्माकोल ही वेगळी गोष्ट आहे. मी दोन लहान धावपट्ट्या केल्या, मध्ये निळ्या कागदाची कृष्णा सोडली, आणि एक विमान तारेवर असं बसवलं की टोचलं की ते डुलत होतं. फक्त फोटोपुरतं, असं मी मनाशी म्हटलं. कवलापूरच्या खऱ्या माळावर ठेवून एक फोटो. सृष्टीला आश्चर्य वाटेल. मी ते जुन्या चादरीत गुंडाळून गाडीच्या डिकीत ठेवलं.

रविवारी सकाळी आम्ही कऱ्हाडच्या धावपट्टीच्या फाटकाशी उभे होतो. फाटकावरचा रखवालदार म्हणाला, "आत सोडता येत न्हाई." मामांनी गाडीतून उतरून स्वतःची पलटण सांगितली. रखवालदाराने खाडकन सलाम केला, कारण तोही फौजेतलाच निघाला, शिराळ्याकडचा. दोघांनी कुठल्या साली कोण कुठे होतं ते पंधरा मिनिटं जुळवून बघितलं. त्याने आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या, पाणी दिलं, सृष्टीला राजगिऱ्याचा लाडू दिला.

"मग जाऊ का आत, पाच मिन्टं?" मामा म्हणाले.

"न्हाई साहेब. आर्डर हाय."

मामा गाडीत येऊन बसले तेव्हा त्यांची छाती दोन इंच फुगलेली होती. "बघितलं? मला सुद्धा सोडलं न्हाई. ह्याला म्हनत्यात ड्यूटी." पुढचे पाच किलोमीटर ते त्या माणसाचं कौतुक करत होते. आत जायला मिळालं असतं तर ते एवढे खूश झाले नसते असं मला वाटतं.

सृष्टीने वहीत लिहिलं, 'फाटक सोडले, १०.१०.'

'आत्याआजी, १०.२५.'

कऱ्हाडवरून जायचं आणि राहीबाई आत्यांच्या दारात गाडी थांबवायची नाही, ही गोष्ट आमच्या घराण्यात झालेली नाही. त्या मामांच्या थोरल्या बहीण. ऋषिराजनी सकाळी गाडीत बसल्याबसल्या स्टेटस टाकलं होतं, 'कऱ्हाडकडे कूच', आणि मग आत्यांचा फोन आला होता. आता उशीर होतोय, प्रकल्प आहे, वेळ मोजायचाय, हे सगळं मी दारातच सांगितलं.

"मोज की," आत्या म्हणाल्या. "हितं काय घड्याळ चालत न्हाई व्हय? आवं लालासाब, सून लय घाईची केलीसा."

पोहे झाले. पोह्यानंतर जेवण झालं, कारण पोहे हे काही जेवण नव्हे. सृष्टीने दोन्हीच्या वेळा लिहिल्या. निघताना आत्यांनी घरचा गूळ दिला, एक अख्खी ढेप. "न्हाई म्हनायचं न्हाई. पोरीला शाळेला डब्यात दे." ऋषिराज ती उचलून डिकीकडे गेले तेव्हा मी आत्यांच्या पाया पडत होते. एका वेळी एकाच ठिकाणी लक्ष ठेवता येतं, हा माझ्या आयुष्यातला कायमचा अडथळा आहे.

'आत्याआजी सोडली, १२.२०.'

पेठ नाका, तिथून आष्टा. आष्ट्याला माझी मावशी असते. सासरच्या आत्यांकडे दोन तास थांबलेली बाई माहेरच्या मावशीच्या दारावरून तशीच पुढे गेली तर त्याचा अर्थ काय होतो, हे ज्यांना सासर-माहेर दोन्ही आहे त्यांना सांगायला नको. आम्ही दुसऱ्यांदा जेवलो. ऋषिराजनी ताटावर बसूनच पट्टा एक भोक सैल केला. मावशीने विचारलं, "कऱ्हाडात काय काय खाल्लं?" आणि ऐकून तिने शिऱ्यात आणखी तूप घातलं. बुधगावला माझ्या आईने तिसरं जेवण मांडून ठेवल्याचे फोन येत होते, ते मी घेतले नाहीत.

'मावशीआजी, १.४० ते ३.००.' आणि शेवटी, 'कवलापूर, ४.०५.'

"पाच तास पंचावन्न मिनिटं," सृष्टी बोटांवर मोजत म्हणाली. "त्यात गाडी चालली दोन तास चाळीस. तीन तास पंधरा मिनिटं आपण जेवत होतो."

"ते लिहायची गरज नाही," मी म्हणाले.

"पण मी मोजलंय," ती म्हणाली.

माळावर वारं होतं. दोन बायका स्कूटर शिकत होत्या, आणि त्यांच्या पलीकडे, जुन्या पट्टीच्या कडेने, शंभर-सव्वाशे मेंढरं चरत होती. मी मनाशी म्हटलं, हीच वेळ. मी डिकी उघडली आणि म्हणाले, "सृष्टी, डोळे मीट."

चादर सोडली. ढेप माझ्या कऱ्हाडवर बसली होती. कऱ्हाडची धावपट्टी मधून वाकून तिचं नळीच्या कौलासारखं काहीतरी झालं होतं, कृष्णा चिकट झाली होती, आणि विमानाचा एक पंख गुळात रुतून उभा होता.

सृष्टीने डोळे उघडले. तिने ते सगळं बघितलं. मग माझ्याकडे बघितलं.

"हे तू केलंस?"

"फक्त फोटोला," मी म्हणाले. "मदत म्हणून."

ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं, रडण्यावर माझ्याकडे उपाय असतात. तिने वही काखेत धरली, घड्याळ कोपरापर्यंत वर सारलं आणि मेंढरांच्या दिशेने चालायला लागली.

"कुत्री असतात तिथे," म्हणत मी निघाले. मामांनी माझी पर्सच धरली.

"थांब पोरी. हितनंच बघ."

मेंढरांपाशी एक म्हातारी काठीवर हनुवटी टेकून उभी होती. नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, डोक्यावर पदर, पायात जाड चपला. सृष्टी तिच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि काहीच बोलेना. मी इथे माझ्या बांगड्या मोजत होते. म्हातारीच बोलली. वारं आमच्याकडे होतं, शब्द न शब्द ऐकू येत होता.

"कुनीकडची गं तू?"

"साताऱ्याची. सृष्टी नाव माझं."

"मी धोंडुबाई. आटपाडीकडची." तिने काठीने आमच्याकडे खूण केली. "त्यो बाबा कवाचा आभाळाकडं बगतोय. इमान येनार हाय व्हय हितं?"

"नाही. मी कऱ्हाडच्या विमानतळापासून इथपर्यंतचं अंतर मोजतेय. शाळेत सांगायचंय."

"एवडंच व्हय," धोंडुबाई म्हणाली. "मग आमास्नी इचारायचं. तितनंच आलोय की आमी."

सृष्टीने वही उघडली. मी एक पाऊल पुढे टाकलं, मामांनी पर्स ओढली.

"त्या तिथल्या पट्टीच्या कुंपनाच्या कडंला बसलो हुतो आठ दिस. एका बागायतदारानं रानात मेंढरं बसवाय बोलावलं हुतं, खताला. मग हितल्या मानसाचा फोन आला, माज्या रानात या. आलो चालत."

"रस्त्याने?"

"रस्त्यानं कशाला मरायचं? गाड्या अंगावर येत्यात. आमी सरळ. शेनोली, ताकारी, कुंडल, पलूस, मग ह्यो माळ. रेल्वेच्या कडंकडंनं, गवत बगत."

"किती दिवस लागले?"

"सा दिस."

"रोज किती चालता?"

"मेंढरू चालंल तेवडं. चार कोस."

सृष्टी मातीत उकिडवी बसली आणि गुणाकार करायला लागली. एक मेंढी येऊन वहीचा वास घेऊन गेली. "एक कोस म्हणजे तीन किलोमीटर धरले, तर बहात्तर," ती म्हणाली. "आजोबांचे सरळ रेषेत बासष्ट. तुम्ही फक्त दहाच जास्त चाललात. आम्ही गाडीने पंचवीस जास्त आलो."

हे ऐकून मामांनी माझी पर्स सोडली आणि सावधानमध्ये उभे राहिले. "नकाशा न्हाई, कंपास न्हाई," ते हळूच म्हणाले. "दहाचा फरक. आमच्या कंपनीत आसती तर मी हिला पुढं ठेवली आसती."

"आणखी एक विचारू?" सृष्टी म्हणाली. गेल्या कित्येक महिन्यांत मी हे वाक्य तिच्या तोंडून परक्या माणसासमोर ऐकलं नव्हतं. "दोन्हीतला कुठला विमानतळ चांगला?"

धोंडुबाईने विचार केला. उगाच बोलायचं म्हणून बोलणारी बाई नव्हती ती. "तिथलं गवात बरं. पर इमान उठलं की मेंढरं बुजत्यात, दोगी तर पार रस्त्याला गेल्या हुत्या. हितं लय निवांत. हितं एकडाव बी बुजली न्हाईत. पोरी, तुज्या वहीत लिव्ह, हितला बरा."

माहेरच्या विमानतळाचं असं कौतुक मी उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. संयोगिता तिथे असायला हवी होती.

सृष्टी परत आली ती पळत. "आई, चार्ट पेपर घरी आहे ना? मीच लिहिणार. तू बघायचंपण नाही." मी डिकी बंद केली. गूळ आम्ही धोंडुबाईला दिला. तिने तो वास घेऊन बघितला, त्याला चिकटलेला विमानाचा पंख काढून सृष्टीच्या हातात दिला, आणि बाकीचा पदराखाली घेतला.

प्रदर्शनाच्या दिवशी शाळेच्या हॉलमध्ये संयोगिताच्या मुलीचं दिल्लीचं विमान बॅटरीवर गोल फिरत होतं आणि त्याला खऱ्या विमानाचा आवाज होता. त्याच्या शेजारी आमचा चार्ट. अक्षरं उतरणीला लागलेली, 'किलोमीटर' एकदा ऱ्हस्व आणि एकदा दीर्घ. मी ते आदल्या दिवशी बघितलं होतं, पेन हातात घेतलं होतं, आणि पेन घेऊन गच्चीवर जाऊन पंधरा मिनिटं उभी राहिले होते. चार्टवर चार ओळी होत्या. विमानाने, पाच मिनिटे. गाडीने, दोन तास चाळीस मिनिटे. गाडीने नातेवाइकांसह, पाच तास पंचावन्न मिनिटे. मेंढरांबरोबर, सहा दिवस. आणि खाली कोपऱ्यात गुळाचा डाग पडलेला थर्माकोलचा पंख चिकटवलेला होता.

परीक्षक बाई आल्या. त्याच. त्यांनी सृष्टीला ओळखलं, मला तर त्याहून आधी ओळखलं. चार्ट वाचताना त्यांचा चष्मा दोनदा नाकावर घसरला.

"बाळ, विषय आहे उड्डाणाला लागणारा वेळ. मग उत्तर कुठलं? पाच मिनिटं ना?"

सृष्टी गप्प. एक, दोन, तीन, चार. माझे ओठ आपोआप हलायला लागले होते; मामांनी माझ्या कोपराला चिमटा काढला. पलीकडे दिल्लीचं विमान घूं करत एक फेरी पूर्ण करून आलं.

"पाच मिनिटं साईटवर आहेत," सृष्टी म्हणाली. आवाज सुरुवातीला इतका बारीक होता की बाईंना वाकावं लागलं. "पण तिथून तिथे विमान गेलेलंच नाही. म्हणून ती कुणी मोजलेली नाहीत. गाडीचे तास मी मोजलेत, आणि सहा दिवस धोंडुबाईंनी मोजलेत. त्या एकट्याच दोन्ही विमानतळांवर राहिल्यात."

"या धोंडुबाई कोण?"

मग सृष्टीने जे सुरू केलं ते दहा मिनिटं थांबलं नाही. कोस, शेणोली, पलूस, मेंढरं रानात का बसवतात, विमान उठल्यावर ती कशी बुजतात, आत्याआजीकडे किती वाजता पोहे आणि किती वाजता जेवण. मागच्या मुली पुढे आल्या. कुणीतरी दिल्लीच्या विमानाचा आवाज बंद केला, कारण ऐकू येत नव्हतं.

"आणि यात आईने काय केलं?" शेवटी बाईंनी विचारलं, माझ्याकडे बघत. पालक पुढे सरकले. आमच्या शाळेतले पालक अशा वेळी बरोबर पुढे सरकतात.

"आईने विमानतळ केला होता," सृष्टी म्हणाली. "त्याच्यावर गूळ पडला. हा त्याचा पंख."

हॉल हसला, गेल्या वर्षीपेक्षा मोठ्याने हसला. माझे कान तापले. पण या वेळी सृष्टीही हसत होती, आणि हसता हसता दुसऱ्या एका पालकांना कोस म्हणजे काय ते सांगत होती. मामा मागे उभे राहून ज्याला त्याला म्हणत होते, "माजी नात हाय ती." संयोगितानेही विचारलं, "हे धोंडुबाईंना विचारायचं तुला सुचलं कसं गं?" मी म्हणाले, "मला नाही सुचलं." आयुष्यात इतक्या अभिमानाने मी माझं अज्ञान कधी सांगितलं नव्हतं.

पहिला नंबर दिल्लीला गेला. आम्हाला उत्तेजनार्थ मिळालं. ते प्रमाणपत्र मामांनी नकाशाशेजारी लावलंय आणि नकाशावर कऱ्हाड ते कवलापूर अशी पेन्सिलीने रेघ ओढून त्यावर 'धोंडुबाई रूट' असं लिहिलंय. सरकारी कार्यालयाचंही पत्र आलं. माझा अर्ज योग्य त्या कार्यवाहीसाठी पुढे पाठवण्यात आला आहे.

परवा दुसऱ्या सत्राचं प्रगतिपुस्तक मिळालं. शेऱ्याचा रकाना मी बसस्टॉपवरच उघडला. 'अभ्यासात चांगली. वर्गात फार बोलते, मध्येच प्रश्न विचारते. पालकांनी लक्ष घालावे.'

मी तो शेरा संयोगिताला दाखवला, बुधगावला आईला वाचून दाखवला, कऱ्हाडला आत्यांना फोन करून सांगितला. मग खाली माझी सगळ्यात चांगली सही केली.

लक्ष मात्र अजून घातलेलं नाही.